थारचे टायर निवडताना: उंची किती वाढवावी आणि इंधन किती जाऊ द्यावे

२०२० नंतरची तीन दारांची महिंद्रा थार घेणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षभरात सर्वाधिक वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘टायर मोठे टाका’. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण किती मोठे, कशासाठी आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागेल, हे तो क्वचितच सांगतो. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते आणि ती उंची वर्षातल्या मोजक्या दिवशीच उपयोगी पडते. इंधनाचा वाढीव खर्च मात्र प्रत्येक किलोमीटरला, अगदी गुळगुळीत डांबरावरही, द्यावा लागतो. म्हणून कंपनीच्या आकारापेक्षा व्यास तीन-चार टक्क्यांहून अधिक वाढवू नये, रुंदी शक्यतो आहे तेवढीच ठेवावी आणि उरलेली गरज हवेचा दाब, ट्रेडची (टायरवरच्या खाचा-ठोकळ्यांच्या नक्षीची) निवड व गाडी नेण्याची वाट यांतून भागवावी. पुढचे हिशेब थारचे आहेत, पण मारुती जिम्नी किंवा फोर्स गुरखा असणाऱ्यांनाही आपापले आकडे घालून हीच रीत वापरता येईल.

आधी गाडीच्या पोटाखाली पाहा

टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करावी, हातात बॅटरी घ्यावी आणि खाली आडवे होऊन पुढून मागे सावकाश पाहत जावे. कच्च्या वाटेवर फिरलेली गाडी कुठे घासते हे तिच्या अंगावर लिहिलेले असते. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शिअलचा (दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणाऱ्या गियरांचा) जो फुगीर डबा असतो, त्याच्या खालच्या कडेचा काळा रंग उडून धातू चकाकत असेल आणि त्या चरांमध्ये जांभ्याची लाल माती बसलेली असेल, तर दगड तिथे लागत आहेत. पुढच्या बंपरची खालची कड किंवा मागचा हुक घासलेला असेल, तर उतार चढतानाच्या व उतरतानाच्या कोनाची अडचण आहे. दोन्ही ॲक्सलच्या मधला भाग, म्हणजे ट्रान्स्फर केसखालचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या गियरपेटीखालचा) पत्रा किंवा बाजूची पायरी खरवडलेली असेल, तर गाडी उंचवट्यावर पोट टेकते आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. थारला मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहेत. अखंड ॲक्सलचा डबा चाकांबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे स्प्रिंगा उंच करणारा लिफ्ट किट बसवला तरी त्या डब्याखालची जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरचा व्यास वाढवल्याने. याउलट बंपर घासत असेल तर टायरपेक्षा बंपरची कड बदलणे अधिक परिणामकारक आणि इंधनाच्या दृष्टीने जवळजवळ फुकट असते. बाजूची पायरी घासत असेल तर ती काढून टाकावी. अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो आणि टायरवर होणारा मोठा खर्च वाचतो.

पोटाखाली एकही चर नसेल, तर मोठ्या टायरची गरज अजून निर्माण झालेली नाही असे खुशाल समजावे. कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांतले अंतर, थारला २२६ मिलिमीटर आणि जिम्नीला २१० मिलिमीटर आहे. ताम्हिणी, वरंधा, माळशेज यांसारखे घाट, साम्रद किंवा रतनवाडीकडे जाणारे उखडलेले रस्ते आणि शेताच्या पाणंदी यांसाठी तो एरवी पुरेसा असतो.

आकड्यांचा अर्थ आणि व्यासाचा हिशेब

टायरच्या कडेवर २४५/७५ आर १६ असे लिहिलेले असते. त्यात २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पूर्ण व्यास काढण्यासाठी रिमचे इंच २५.४ ने गुणावेत आणि त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवावी. २४५ चे ७५ टक्के म्हणजे १८४ मिलिमीटर, रिम ४०६ मिलिमीटर, म्हणून हा टायर सुमारे ७७४ मिलिमीटरचा झाला. थार मॉडेलनुसार याच आकारावर किंवा २५५/६५ आर १८ या आकारावर येते. दुसऱ्याचा व्यास ७८९ मिलिमीटर भरतो, पण साइडवॉल मात्र १६६ मिलिमीटरच. म्हणजे कंपनीनेच या गाडीला दोन व्यास दिले आहेत आणि त्यांच्यात जवळजवळ दोन टक्क्यांचा फरक आहे.

आता बाजारात नेहमी सुचवले जाणारे आकार याच रीतीने तपासू. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिलिमीटर, २६५/७५ आर १६ चा ८०४, २३५/८५ आर १६ चा ८०६ आणि २८५/७५ आर १६ चा, म्हणजे दुकानदार ज्याला ‘तेहतीस’ म्हणतात त्याचा, ८३४. सोळा इंची रिमवरच्या मूळ टायरशी तुलना केली तर २६५/७५ ने व्यास ३० मिलिमीटरने वाढतो आणि ॲक्सल १५ मिलिमीटर वर येतो. तेहतीस टाकले तर व्यास ६० ने आणि उंची ३० मिलिमीटरने वाढते. २६५/७० आर १६ हा आकारही पुष्कळदा सुचवला जातो, पण त्याचा व्यास ७७७ मिलिमीटर आहे. त्याने गाडी फक्त रुंद दिसते, दोन मिलिमीटरही वर येत नाही.

पंधरा मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात. पण ज्या डब्याला दगड नुसता चाटून जातो, त्याच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक ठरतो, आणि पुढे चढण्याचा कोनही त्यामुळे थोडा सुधारतो. तिथून पुढचे पंधरा मिलिमीटर मिळवण्यासाठी मात्र गियर, ब्रेक, स्टिअरिंग आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) या सगळ्यांवर एकाच वेळी ताण येतो. त्यामुळे पहिली पायरी स्वस्त आणि दुसरी फार महाग, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे.

इंधन कुठे जाते

मोठ्या टायरने ॲव्हरेज पडतो हे सर्वांना माहीत असते. तो का पडतो हे कळले तर निवड सोपी होते. सर्वांत मोठा वाटा ट्रेडचा आणि टायरच्या बांधणीचा असतो. रबर रस्त्यावर टेकते, दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. या प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. रबराचे ठोकळे जितके जाड व सुटे, तितकी ही हानी अधिक. हा विरोध, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स, दहा टक्क्यांनी वाढला तर इंधनाचा खर्च साधारण एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. रस्त्याच्या एचटी (हायवे टेरेन) टायरवरून रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या एटीवर (ऑल टेरेन) गेल्यास हा फरक सुसह्य राहतो, परंतु मोठ्या ठोकळ्यांच्या, चिखलासाठीच्या एमटी (मड टेरेन) टायरवर तो चांगलाच जाणवतो आणि जोडीला आवाजही येतो. म्हणून त्याच आकाराचा एमटी टायर हा थोड्या मोठ्या एटी टायरपेक्षा जास्त डिझेल पिऊ शकतो. आकाराची चर्चा करताना ट्रेड विसरला जातो आणि पुढे दोष आकारावर ढकलला जातो, हे मला खटकते.

दुसरे कारण वजन. टायरच्या मापाआधी ‘एलटी’ ही अक्षरे असतील तर त्याची बांधणी हलक्या मालवाहू गाड्यांसाठीची असते. साइडवॉल जाड असते, दख्खनच्या धारदार काळ्या दगडाने ती सहजी फाटत नाही, पण साध्या टायरच्या तुलनेत एका चाकामागे पाच-सात किलोंचा फरक पडू शकतो. हे वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला असल्याने प्रत्येक वेळी वेग घेताना आणि ब्रेक लावताना ते जाणवते. पुणे किंवा ठाण्यासारख्या शहरात सिग्नलमागून सिग्नल घेत जाणाऱ्या गाडीला याचा त्रास महामार्गावरच्या गाडीपेक्षा अधिक होतो. महामार्गावर उलट रुंदी आणि वाढलेली उंची नडते, कारण ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हवेचा विरोध झपाट्याने वाढत जातो आणि थारसारख्या चौकोनी गाडीला तो आधीच भरपूर असतो.

तिसरे कारण गियरचे. व्यास चार टक्के वाढला की प्रत्येक गियर चार टक्क्यांनी लांब होतो. सपाट रस्त्यावर इंजिन थोडे कमी फिरते, त्यामुळे काहींना सुरुवातीला फायदाच वाटतो. पण घाटात चालक एक गियर खाली राहतो, चढणीवर क्लच जास्त घासला जातो आणि फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या संथ गियरमध्ये) दगडांवरून सरपटण्याचा किमान वेग वाढतो. ब्रेकचेही तसेच आहे: तेवढ्याच दाबाला रस्त्यावर मिळणारे रोधबल त्याच प्रमाणात घटते. चार टक्के चालून जातात, आठ टक्के उतारावर कळतात.

येथे एक हिशेब नीट समजून घ्यावा, कारण ॲव्हरेजविषयीच्या बहुतेक तक्रारी त्यावाचूनच केल्या जातात. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते ठाऊक नसते. २४५/७५ आर १६ काढून २६५/७५ आर १६ बसवल्यावर मीटरने ५०० किलोमीटर दाखवले, तर गाडी प्रत्यक्षात सुमारे ५१९ किलोमीटर गेलेली असते. त्यात ४५ लिटर डिझेल लागले असेल, तर मीटरप्रमाणे ॲव्हरेज ११.१ दिसेल, पण खरा ११.५ असेल. नव्या व्यासाला जुन्याने भागून येणाऱ्या गुणकाने, येथे १.०३९ ने, मीटरचे किलोमीटर गुणल्याशिवाय तुलना करू नये. वेगाचेही तसेच होते: काटा ८० वर असताना या टायरवर गाडी ८३ ने जात असते, आणि तेहतीसवर ८६ ने. वेगमर्यादेचे कॅमेरे असलेल्या द्रुतगती मार्गावर हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. अर्थात काही गाड्यांचा काटा मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो, म्हणून मोबाइलच्या जीपीएसवर एकदा पडताळून घ्यावे.

पैशांत सांगायचे तर वर्षाला १२,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला खरा १२ चा ॲव्हरेज देणारी गाडी १,००० लिटर डिझेल घेते. तोच ॲव्हरेज ११ वर आला तर ९१ लिटर जास्त लागतात. डिझेल ९० रुपये धरले तर वर्षाला सुमारे आठ हजार रुपये. टायर चार-पाच वर्षे वापरायचे असतात, तेव्हा ही रक्कम टायरच्या किमतीत मिळवूनच निर्णय घ्यावा.

रुंदी आणि माती

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज डांबरावर काही अंशी खरा असला तरी आपल्याकडच्या चिखलात तो नेहमी लागू पडत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात पावसाळ्यात वर निसरड्या मातीचा पातळ थर आणि खाली जांभा किंवा मुरूम अशी स्थिती वारंवार असते. तिथे अरुंद टायर तो थर कापून खालच्या टणक जमिनीवर टेकतो, आणि रुंद टायर वरच्या वर तरंगत घसरतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती हा वेगळाच प्रकार आहे. ती ट्रेडच्या खाचांमध्ये गच्च भरते, एटी टायर दोन-चार फेऱ्यांत गुळगुळीत होतो आणि मग आकार कोणताही असला तरी गाडी जागच्या जागी फिरते. ज्याला पावसाळ्यात रोज अशा शेतात जावे लागते, त्याने मोठ्या आकारावर पैसे घालण्यापेक्षा मूळ आकारातच एमटी टायर घ्यावा. त्याच्या रुंद खाचा माती झटकून टाकतात. इंधनाचा तोटा इथे सार्थकी लागतो.

रुंद टायरचा खरा उपयोग सुट्या वाळूत, पण तिथेही रुंदीपेक्षा हवेचा दाब जास्त काम करतो. दाब कमी केला की टायरचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांबीत वाढतो. (वाळूचा विषय निघालाच आहे तर सांगतो: गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि जिथे बंदीची पाटी नाही तिथेही कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर गाडी नेऊ नये. फुलांच्या सड्यांनाही (पावसाळ्यात फुलणाऱ्या खडकाळ पठारांनाही) हेच लागू आहे.)

दाब कमी करण्यासाठी साइडवॉल उंच हवी. म्हणून अठरा इंची रिमपेक्षा सोळा किंवा सतरा इंची रिम कच्च्या वाटेवर सरस ठरतो. साधारण २० ते २२ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) उतरणे बहुतेक वाटांना पुरते. पंधराच्या खाली साध्या रिमवरून टायरची कड सुटण्याचा धोका असतो. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरली पाहिजे, त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत असावा. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय हवा कमी असेल तर इंधनाचा खर्च सुमारे ०.२ टक्के वाढतो, म्हणजे दहा पीएसआय कमी ठेवून घरी आलात तर दोन टक्के इंधन आणि शिवाय तापलेला टायर फुटण्याची जोखीम.

मग कोणता आकार घ्यावा

ज्याची गाडी वर्षभर मुख्यतः शहरात आणि महामार्गावर चालते व महिन्यातून एखाद्या वेळी घाटातल्या वाटेला लागते, त्याने मूळ आकारच ठेवावा आणि टायर संपल्यावर त्याच मापाचा साध्या बांधणीचा, म्हणजे एलटी नसलेला, एटी टायर घ्यावा. मी ओळखीच्या माणसांना बहुतेक वेळा हेच सांगतो आणि बहुतेक वेळा ते निराश होतात, तरी माझे मत तेच आहे.

ज्याच्याकडे अठरा इंची रिम आहेत आणि जो नियमित दगडधोंड्यांत जातो, त्याला २६५/७० आर १७ हा आकार सर्वांत फायदेशीर वाटतो. व्यास १.८ टक्केच वाढतो, उंची सात मिलिमीटर, पण साइडवॉल १६६ वरून जवळजवळ १८६ मिलिमीटरवर जाते. रिम वाचतो, हवा कमी करता येते आणि गियर व मीटर फारसे बिघडत नाहीत. खर्च रिमचाही येतो, हे खरे. सतरा इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेकची तबकडी पकडणाऱ्या भागाला) लागत नाही ना, हे चाक बसवून, हाताने फिरवून पाहावे.

सोळा इंची रिम असणाऱ्याला २६५/७५ किंवा २३५/८५ हे दोन पर्याय आहेत. दोघांची उंची जवळजवळ सारखी. मिळत असेल तर मी अरुंद २३५/८५ ला पसंती देईन, कारण तो चिखल कापतो, फेंडरला कमी घासतो आणि हवेला कमी अडवतो. तो प्रामुख्याने एलटी बांधणीत येतो, हे वजनाचे गणित करताना धरावे. जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिलिमीटर आहे. २१५/७५ आर १५ ने तो १.५ टक्के वाढतो आणि २३५/७५ आर १५ ने जवळजवळ सहा टक्के. जिम्नीचे इंजिन लहान असल्याने दुसरा पर्याय तिला घाटात जड जातो.

बसवण्यापूर्वी आणि बसवल्यावर

पैसे देण्यापूर्वी एकच टायर बसवून पाहू द्या असा आग्रह धरावा. पुढचे एक चाक विटांच्या किंवा लाकडी ठोकळ्यांच्या चढावर चढवून सस्पेन्शन दाबले जाईल असे करावे, मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून फेंडरचे आतले प्लास्टिक आणि कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा) यांच्यापासून किती अंतर राहते ते पाहावे. सपाट जागी न घासणारा टायर खड्ड्यात वळताना घासतो. त्यावर उपाय म्हणून बाहेर येणारा रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) सुचवला जाईल, तो टाळावा. चाक फेंडरबाहेर आले की बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल दारांवर उडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला आहे. विमा कंपनीला लेखी विचारून ठेवणे केव्हाही चांगले.

मापानंतर लिहिलेला भारांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. १११ म्हणजे एका टायरला १,०९० किलो आणि ११६ म्हणजे १,२५० किलो. शेवटचे अक्षर वेगाचे: क्यू म्हणजे ताशी १६०, एस म्हणजे १८०. एलटी टायरला तेवढेच वजन पेलण्यासाठी साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या पट्टीवरचा दाब तसाच्या तसा न वापरता टायर उत्पादकाच्या तक्त्यावरून ठरवावा.

टायर पाच घ्यावेत. फोर-बाय-फोरमध्ये एक चाक लहान व्यासाचे राहिले तर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्याचा भार ट्रान्स्फर केसवर येतो. जुन्या मापाची स्टेपनी घेऊन दगडी वाटेवर जाणे म्हणूनच घातक आहे. मोठी स्टेपनी मागच्या दारावर लटकते, तेव्हा त्याच्या बिजागऱ्यांचे बोल्टही तपासावेत.

बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे, शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत. त्यानंतर टाकी काठोकाठ भरून, नेहमीच्याच रस्त्यांवर गाडी चालवून, पुन्हा काठोकाठ भरून ॲव्हरेज काढावा, आणि तो वरच्या गुणकाने दुरुस्त करून जुन्याशी ताडून पाहावा. पहिल्या टाकीवरून निष्कर्ष काढू नये. नवा ट्रेड खोल असतो आणि झिजत जाईल तसा त्याचा विरोध कमी होतो, म्हणून तीन-चार टाक्यांची सरासरी धरावी. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही चाके स्टेपनीसह आलटून पालटून लावावीत, म्हणजे सर्वांचा व्यास झिजतानाही सारखा राहतो.